विकेंडला अथेन्स नाही जमलं? हिंगोलीपासून तासाभरावर एक जुनी राजधानी आहे, फक्त ती बघायची कशी ते कळलं पाहिजे

इन्स्टा उघडलं की दर चार रीलमागे एक रील असते. ४८ तासांत अथेन्स, दोन दिवसांत रोम, विकेंडला प्राग. शनिवारी सकाळी विमानातून उतरायचं, रविवारी रात्री परत. मधल्या वेळात पडके खांब, दगडी रस्ते, म्युझियम आणि कॉफीचा फोटो.

आता हिंगोलीत बसून हे बघणाऱ्याचं गणित वेगळं असतं. शेंगेन व्हिसाची नुसती फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे. वर मुंबईच्या चकरा, बँकेचं स्टेटमेंट, विम्याचा कागद. एवढ्यात कयाधूच्या काठावरची दोन लग्नं उरकून होतात.

पण एक सांगा, तिथे जाऊन लोक बघतात काय? हजार-दोन हजार वर्षांपूर्वी जिथून एखादं राज्य चालायचं, ते गाव. आजच्या शहराच्या पोटात दडलेलं जुनं शहर.

तशी एक राजधानी हिंगोलीपासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. नाव वाशिम. जुनं नाव वत्सगुल्म.

आता तुम्ही म्हणाल, वाशिमला तर आपण लग्नाला जातो, बालाजीला जातो, अकोल्याला जाताना स्टेशन लागतं. तिथे राजधानी कुठली? प्रश्न बरोबर आहे. कारण ही राजधानी दिसत नाही. ती का दिसत नाही, ती होती हे मग कशावरून कळलं आणि दोन दिवसांत ती बघायची कशी, तेच आज समजून घेऊ.

राजधानी होती कोणाची?

सातवाहनांची सत्ता संपल्यावर, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्याला, वाकाटक नावाचं घराणं पुढे आलं. मूळ पुरुष विंध्यशक्ती. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन. याने राज्य वाढवलं आणि त्याच्यानंतर राज्याच्या वाटण्या झाल्या. पुराणं चार मुलांची गोष्ट सांगतात. इतिहासात ठळक दिसतात त्या दोन शाखा.

एक शाखा नंदिवर्धनची. नंदिवर्धन म्हणजे आजच्या नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळचं नगरधन. दुसरी शाखा वत्सगुल्मची, म्हणजे वाशिमची. ती सुरू केली प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने, चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात. पुढे दीडेकशे वर्षं इथून राज्य चाललं. या शाखेतला शेवटचा मोठा राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

म्हणजे ज्या काळात युरोपात रोमन साम्राज्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग कोसळत होता, त्या काळात पैनगंगेच्या पलीकडे वाशिममध्ये हरिषेणाचा दरबार भरत होता.

हे कळलं कशावरून?

१९३९ साली वाशिममध्ये चार तांब्याचे पत्रे उजेडात आले. याला ताम्रपट म्हणतात. राजा एखाद्याला गाव किंवा जमीन दान द्यायचा, तेव्हा त्याची सनद तांब्यावर कोरून द्यायचे. कागद सडतो, भूर्जपत्र फाटतं, तांबं टिकतं. सोप्या भाषेत, हा त्या काळचा सातबारा आणि जीआर, दोन्ही एकात.

हा ताम्रपट होता सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती दुसरा याचा. त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षी दिलेला. त्यात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. अथर्ववेदी ब्राह्मणांना एक गाव दिलंय आणि त्या गावाला कशाकशातून सूट आहे त्याची लांबलचक यादी आहे. सैनिकांनी गावात शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, असं सगळं.

यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, सनद सुटली ती वत्सगुल्महून. म्हणजे हे नुसतं तीर्थाचं गाव नव्हतं, इथून राज्याचे हुकूम निघत होते.

दुसरी गोष्ट हिंगोलीकरांसाठी. दान दिलेलं गाव ‘नांदीकट’ भागाच्या उत्तर मार्गावर होतं असं त्यात लिहिलंय. नांदीकट म्हणजे नांदेड, असं अभ्यासक मानतात. आता नकाशा उघडा, नांदेडवर बोट ठेवा आणि वर सरकवा. वसमत, कळमनुरी, हिंगोली आणि मग वाशिम. आज अकोला-नांदेड हायवे ज्या पट्ट्यातून जातो, तो पट्टा या राज्याच्या घरातला होता. वाशिमची गोष्ट ही परक्या गावाची गोष्ट नाही ती यामुळे.

या पत्र्यांमुळे आणखी एक गाठ सुटली. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात एक झिजलेला शिलालेख आहे. त्यात वाकाटकांची वंशावळ आहे, पण अक्षरं पुसट झाल्याने काही नावं नीट लागत नव्हती. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी हे सगळे लेख एकमेकांशी ताडून वाकाटकांचा इतिहास लावला. १९६३ साली वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. मराठीत त्यांचं ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हे पुस्तक त्याआधीच, १९५७ साली आलं होतं.

आणि एक पत्रा लंडनमध्ये

युरोपच्या राजधानीचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. याच वत्सगुल्म शाखेतला देवसेन नावाचा राजा, हरिषेणाचा बाप. त्याच्या ताम्रपटाचा एक पत्रा लंडनच्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात होता. अभ्यासक त्याला आजही ‘इंडिया ऑफिस ताम्रपट’ म्हणूनच ओळखतात. इंडिया ऑफिसचा तो ग्रंथसंग्रह पुढे ब्रिटिश लायब्ररीकडे गेला. तो पत्राही वत्सगुल्महूनच दिलेला. थोडक्यात, वाशिमच्या दरबारातला एक कागद लंडनला पोचला, आणि हिंगोलीतल्या कित्येकांना वाशिमला दरबार होता हेच माहीत नाही.

मग अजिंठा वाशिमच्या राजाने कोरला का?

इथे जरा सांभाळून. ‘अजिंठा वाकाटकांनी बांधला’ हे वाक्य अर्धं खरं आहे.

अजिंठ्याची लेणी दोन टप्प्यांत कोरली गेली. ९ आणि १० नंबरसारखी जुनी लेणी सातवाहन काळातली, म्हणजे वाकाटकांच्या कित्येक शतकं आधीची. मधे मोठा खंड पडला. दुसरा टप्पा पाचव्या शतकातला. त्यातलं १६ नंबरचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून भिक्षुसंघाला दिलं. तसं त्याने शिलालेखात लिहूनच ठेवलंय. १७ नंबरचं लेणं त्याच काळातल्या एका मांडलिक राजाने करवून घेतलं. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं होतं की दुसऱ्या टप्प्याचं जवळजवळ सगळं काम हरिषेणाच्या काळात, वीसेक वर्षांत झालं. इतकी कमी वर्षं सगळ्या अभ्यासकांना मान्य नाहीत. पण हरिषेणाचा काळ हा अजिंठ्याचा बहराचा काळ, यावर फारसा वाद नाही.

म्हणजे १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या अजिंठ्यात, जगभरातून लोक जी रंगवलेली लेणी बघायला येतात, त्यातल्या एका मोठ्या लेण्याचा दाता वाशिमच्या दरबारातला माणूस होता.

दुसरी गल्लत राणी प्रभावतीगुप्ताची. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि नवरा गेल्यावर मुलं लहान असताना राज्य चालवणारी राणी. पण ती नंदिवर्धन शाखेतली, वाशिमची नाही. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाचा मातीचा ठसाही सापडलाय. त्यामुळे तिचा फोटो वाशिमच्या नावावर फॉरवर्ड करू नका.

एवढं होतं, तर वाशिममध्ये दिसत का नाही?

हा मुख्य प्रश्न. याची कारणं साधी आहेत.

एक, बांधकाम. त्या काळातले वाडे, कोट, घरं मुख्यतः विटा आणि लाकडाची. लाकूड जळतं, वाळवी खाते. विटा पुढची पिढी उचलून नेते आणि स्वतःच्या घराला लावते. जुन्या पांढरीतली माती आणि विटा नेऊन घरं बांधलेली आपण मराठवाड्यातल्या गावागावांत बघतो. तेच शतकानुशतकं होत राहिलं तर काय उरणार?

दोन, गाव कधी ओस पडलं नाही. राजधानी गेली तरी वाशिम राहिलं. तीर्थ म्हणून राहिलं, बाजार म्हणून राहिलं. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बालाजीचं मोठं मंदिर बांधलं, देवतळं बांधलं. म्हणजे जुन्या थरावर नवा थर चढत गेला. ओसाड पडलेलं शहर खणता येतं. ज्याच्या डोक्यावर लोक राहतात, चहाच्या टपऱ्या आहेत, बोअर घेतलेत, ते शहर कसं खणणार?

तीन, त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम दगडात झालं आणि तो दगड होता दूर अजिंठ्याच्या घळीत. वाशिमच्या आसपास तसा कडा नाही.

आता अथेन्सकडे बघा. १८३४ साली ते नव्या ग्रीसची राजधानी झालं, तेव्हा एक छोटं गाव होतं. प्राचीन बाजारचौकावर, ज्याला अगोरा म्हणतात, लोकांची घरं उभी होती. १९३१ पासून तिथे मोठं उत्खनन सुरू झालं, तेव्हा जवळपास ४०० घरं-इमारती पाडाव्या लागल्या. आज रीलमध्ये जो मोकळा, हिरवा, खांबांचा परिसर दिसतो, तो आपोआप तसा राहिलेला नाही. वस्ती उठवून तो मोकळा केलाय.

तसं वाशिममध्ये करावं का? नाही. लोकांची घरं पाडून इतिहास दाखवण्यात काही अर्थ नाही, आणि ते होणारही नाही. पण दुसरा रस्ता युरोपातच आहे. १९८८ साली लंडनच्या गिल्डहॉलजवळ जमिनीखाली रोमन काळातलं गोल प्रेक्षागृह सापडलं. त्यांनी काय केलं? अवशेष इमारतीच्या तळघरात जपले आणि वरच्या चौकात फरशीवर एक काळी गोलाकार रेघ आखली. त्या रेघेवर उभं राहिलं की कळतं, आपल्या पायाखाली काय आहे. वर शहर चालू, खाली इतिहास जागेवर.

राजधानी दिसायला खांबच लागतात असं नाही. नीट लिहिलेला फलकही पुरतो.

भाषेचीही राजधानी

वत्सगुल्मचं नाव राजांपेक्षा कवींनी जास्त टिकवलं.

सर्वसेन स्वतः कवी होता. ‘हरिविजय’ हे त्याचं काव्य माहाराष्ट्री प्राकृतात होतं. काव्य हरवलं, पण आनंदवर्धनासारख्या काश्मीरच्या काव्यशास्त्रकाराने त्याची दखल घेतली आहे. विचार करा, वाशिमच्या राजाचं काव्य काश्मीरपर्यंत वाचलं जात होतं.

पुढे राजशेखर नावाचा कवी ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक गंमतीदार कथा सांगतो. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या या दोघांचं लग्न कुठे लागलं? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. इतकंच नाही, तर लिहिण्याच्या एका शैलीलाच या गावावरून नाव होतं, ‘वच्छोमी’. वत्सगुल्मचं प्राकृत रूप वच्छोम. त्यावरून पुढे वाशिम, आणि इंग्रजांच्या तोंडी बासिम.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. मराठीचं मूळ ज्या माहाराष्ट्री प्राकृतात सांगितलं जातं, त्या भाषेत लिहिणारा राजा तासाभराच्या अंतरावर राहायचा.

तर दोन दिवसांचा प्लॅन असा

शनिवार वाशिमला द्या. हिंगोलीहून एसटी आहे, अकोला-पूर्णा मार्गावरची रेल्वे आहे, गाडी असेल तर कनेरगाव नाक्यावरून सरळ रस्ता. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना मोफत प्रवास आहे, तेव्हा घरच्यांना सोबत घ्या.

पहिल्यांदा पद्मतीर्थ. वत्सगुल्मच्या जुन्या तीर्थांपैकी हे एक. इथे वाकाटकांची वीट शोधू नका. राजधानी या जागी का आली असेल, ते बघा. पाणी, तीर्थ आणि भोवती सुपीक काळी जमीन. मग बालाजी मंदिर आणि देवतळं. हे अठराव्या शतकातलं, म्हणजे वाकाटकांनंतर तेराशे वर्षांचं. एकाच गावात हे दोन काळ वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं. जमलं तर मध्यमेश्वरालाही जा आणि मधल्या जुन्या गल्ल्या पायी फिरा. रस्त्याचा चढ-उतार पायाला लागू द्या. जुन्या वस्तीत अचानक चढ लागला तर तो पुष्कळदा पांढरीचा असतो, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांच्या मातीचा.

दुपारी वाशिम तालुक्यातलंच हिस्से बोराळा. इथे देवसेनाच्या काळातला शिलालेख सापडला. त्यावर शके ३८० आहे, म्हणजे इसवी सन ४५८-५९. वाकाटकांच्या बहुतेक लेखांत ‘अमुक राजाचं तमुक वर्ष’ एवढंच असतं. इथे शक दिलाय म्हणून तारखा लावताना अभ्यासकांना हा लेख खुंटीसारखा उपयोगी पडतो. आणि लेख कशाबद्दल आहे? राजाच्या एका अधिकाऱ्याने, स्वामिल्लदेवाने, तलाव बांधला त्याबद्दल. तलावाचं नाव सुदर्शन. दीड हजार वर्षांपूर्वीही या भागात सरकारने काय केलं हे सांगताना पाण्याचंच काम सांगितलं गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यांना हे वेगळं समजवायला नको.

रविवार हिंगोली जिल्ह्यातच. सकाळी नर्सी नामदेव, दुपारी औंढा नागनाथ. आता म्हणाल, इथे तर आम्ही नेहमी जातो. पण या वेळी वाशिम बघून जा. औंढ्याच्या मंदिराचा खालचा भाग यादव काळातला, काळ्या दगडाचा, कोरीव. वरचा भाग नंतरचा, हे बघताक्षणी कळतं. दगडात बांधलेली गोष्ट मोडतोड होऊनही कशी टिकते आणि विटांची राजधानी कशी विरघळते, हा फरक एका विकेंडमध्ये डोळ्यांनी दिसतो. आणि नर्सीला पोचलात की भाषेचा प्रवासही पूर्ण होतो. शनिवारी माहाराष्ट्री प्राकृतात लिहिणारा राजा, रविवारी मराठीत अभंग रचणारे नामदेव, ज्यांची पदं पुढे गुरु ग्रंथसाहिबात गेली.

मग आपण वाशिमला ‘पलीकडचं’ का मानतो?

कारण मधे एक सरहद्द होती. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. वाशिम इंग्रजी अमलात गेलं, हिंगोली निजामाकडे राहिली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही स्थिती होती. शाळा वेगळ्या, कचेऱ्या वेगळ्या. पुढे १९५६ ला दोन्ही भाग एका राज्यात आले, पण मराठवाडा आणि विदर्भ ही नावं राहिली. वाशिम जिल्हा १९९८ ला झाला, हिंगोली १९९९ ला. दोन्ही पंचविशी ओलांडलेले शेजारी. पण वत्सगुल्महून हुकूम सुटायचे, तेव्हा पैनगंगा ही सरहद्द नव्हती, राज्यातली एक नदी होती.

यात आपलं काय पणाला लागलंय?

वाशिमची राजधानी चार पत्र्यांमुळे परत सापडली. ते पत्रे कोणी भंगारात घातले असते, वितळवून तांब्याच्या भावाने विकले असते, तर आज हा लेख लिहिता आला नसता. वराहदेव कोणत्या घराण्याचा मंत्री, हे कळलं असतं, पण त्या घराण्याचं घर कुठे होतं याचा भक्कम पुरावा हातचा गेला असता.

असे पत्रे, नाणी, ठसे अजूनही जमिनीत असू शकतात. शेत नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया घेताना वर येऊ शकतात. आणि ते ज्या पट्ट्यात येऊ शकतात त्यात हिंगोली जिल्हाही आहे.

असं काही सापडलं तर काय करायचं? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ‘सरकार सगळं घेऊन जातं’ या भीतीने लोक गप्प बसतात. पण सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा किंवा मोबदला याच कायद्यात लिहिलेला आहे. लपवलं तर मात्र शिक्षा आहे. वस्तू घासू नका, धुऊ नका, जिथे सापडली ती जागा लक्षात ठेवा आणि फोटो काढा. कारण वस्तूइतकीच जागाही महत्त्वाची. पत्रा वाशिममध्ये सापडणं आणि पत्रा मुंबईच्या जुन्या बाजारात सापडणं, यात इतिहासाचा फरक पडतो.

आणि नगरपालिकेकडे मागायचंच असेल तर फार मोठं काही मागू नका. पद्मतीर्थापाशी आणि स्टेशनवर मराठीत लिहिलेला एक फलक मागा, की इथे वत्सगुल्म होतं, इथून अमुक साली असा हुकूम सुटला, त्यात नांदेडपर्यंतच्या मुलखाचं नाव आहे. लंडनने फरशीवर रेघ आखली, आपण पाटी लावू.

अथेन्सला जायचं स्वप्न सोडू नका. पैसे साठवा, जरूर जा. पण तिथे कोणी विचारलं की तुमच्याकडची जुनी राजधानी कोणती, तर दिल्लीचं नाव घेण्याआधी सांगा, आमच्या घरापासून तासाभरावर आहे. एसटीने जाता येतं.

तुमच्या गावात जुनी पांढर, वीरगळ किंवा न वाचलेला शिलालेख असेल, तर या विकेंडला त्याचा फोटो काढा आणि गावाच्या नावासकट कमेंटमध्ये टाका. फक्त पत्रा किंवा नाणी सापडली असतील, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि मग फोटो.